वचन आणि प्रतिमान : सहयोगी बांधकामातील दोन पद्धतींचा मेळ

कोणतीही मोठी इमारत ही अनेकांनी मिळून रचलेली संहिता असते. परंतु तिच्या रचनाकारांपैकी बहुतेकांनी एकमेकांचे लेखन वाचलेले नसते. वास्तुविशारद मूळ नकाशा काढतो. त्यावरून संरचना-अभियंता खांब व तुळया ठरवितो. वातानुकूलनाचा अभियंता छताखालून आपले पत्र्याचे डक्ट नेतो. नळकाम आणि वीजकाम करणारे उरलेल्या जागेतून आपापली वाट काढतात. कागदावर हे सारे निर्विघ्न पार पडते, कारण प्रत्येकाचा कागद वेगळा असतो. पुढे प्रत्यक्ष छताखाली तुळई, डक्ट आणि सांडपाण्याचा नळ हे तिघेही एकाच जागेवर हक्क सांगू लागले म्हणजे काम थांबते, पत्रव्यवहार सुरू होतो, आणि बरेचदा नुकत्याच भरलेल्या काँक्रीटला भोक पाडण्याची पाळी येते. या प्रकाराची गणना सामान्यतः तांत्रिक दोषांत केली जाते. वस्तुतः त्याचा मोठा भाग भाषिक आहे : कोण कोणाला काय म्हणाला, ते म्हणणे विधान होते की वचन, आणि दोघांसमोरचा पाठ एकच होता काय, हे प्रश्न त्याच्या मुळाशी असतात. गेल्या तीन-चार दशकांत बांधकामशास्त्रात ज्या दोन चळवळी उदयास आल्या त्यांपैकी एकीने वचनाचा प्रश्न हाती घेतला, तर दुसरीने पाठाचा. त्या दोहोंचा मेळ कसा बसतो आणि कोठे बसत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या चळवळींची नावे मराठीत आणतानाच प्रथम अडखळायला होते. पहिलीचे नाव ‘लीन’. हा इंग्रजी शब्द अंगावर फाजील चरबी नसलेल्या सडसडीत देहाचा वाचक आहे. पण तो देवनागरीत लिहिला की संतवाङ्मयाच्या वाचकाला चरणी लीन झालेला भक्तच आठवणार. ‘सडपातळ बांधकाम’ म्हणावे, तर भिंतींची जाडी कमी केल्याचा संशय यायचा. दुसरीचे पूर्ण नाव ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, आणि आद्याक्षरांनी बनलेले लघुरूप ‘बिम’. तर बांधकामावर ‘बीम’ म्हणजे तुळई, हे गवंड्याच्या हाताखालच्या पोरालाही ठाऊक असते. येथे पहिल्या पद्धतीला रूढ ‘लीन’ हाच शब्द ठेवला आहे, आणि दुसरीसाठी ‘प्रतिमान’ हा शब्द योजिला आहे. संगणकात उभी केलेली, प्रत्येक घटकाची माहिती बाळगणारी इमारतीची त्रिमित प्रतिकृती, असा त्याचा अर्थ घ्यावयाचा.

लीन विचाराचा उगम जपानमधील टोयोटा कारखान्यात झाला. ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात उत्पादनाची जी पद्धती घडविली तिचे सार असे की, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ज्या कृतीने वस्तूच्या मोलात भर पडत नाही ती कृती म्हणजे अपव्यय. गरजेपेक्षा अधिक उत्पादन, साठा, वाहतूक, अनावश्यक हालचाल, सदोष माल, फाजील प्रक्रिया आणि वाट पाहत बसणे, असे अपव्ययाचे सात प्रकार त्यांनी सांगितले. या पद्धतीला ‘लीन’ हे विशेषण जॉन क्राफ्चिक यांनी १९८८ साली एका लेखात लावले, आणि १९९० साली वोमॅक, जोन्स व रूस यांच्या मोटार उद्योगावरील ग्रंथाने ते जगभर पोहोचविले. बांधकामात हा विचार आणण्याचे श्रेय फिनलंडचे लाउरी कॉस्केला यांना द्यावे लागते. स्टॅनफर्ड विद्यापीठात पाहुणे संशोधक असताना त्यांनी १९९२ साली जो अहवाल लिहिला त्यात बांधकामाच्या प्रचलित कल्पनेवरच आक्षेप घेतला होता. बांधकाम म्हणजे मालाचे इमारतीत रूपांतर, एवढेच हिशेबनीस पाहतो. वीट भिंतीत बसली, नोंद झाली. परंतु त्या विटेने भिंतीत बसण्यापूर्वी ट्रकमध्ये, ढिगात, पहाडावर किती काळ वाट पाहिली, आणि तिची वाट पाहत गवंडी किती वेळ बसून राहिला, याची नोंद कोठेच होत नाही. रूपांतराबरोबर प्रवाह आणि मोल यांचाही विचार व्हावा, असा कॉस्केला यांचा आग्रह होता. पुढल्याच वर्षी, १९९३ मध्ये, फिनलंडमधील एस्पो येथे या विषयाच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक भरली.

मोटारीचा कारखाना आणि इमारतीची जागा यांत मात्र एक मोठा भेद आहे. कारखान्यात वस्तू सरकते आणि माणूस जागेवर उभा राहतो. बांधकामात वस्तू जागेवर उभी असते आणि माणसांच्या टोळ्या तिच्यातून सरकत जातात. गजकाम करणारे गेल्याशिवाय काँक्रीटवाले येऊ शकत नाहीत. काँक्रीट पक्के होऊन सेंटरिंग उतरल्याशिवाय नळवाल्यांना पाऊल टाकता येत नाही. हा प्रवाह चालविण्यासाठी कोणताही सरकता पट्टा नसतो. असतो तो केवळ शब्द : ‘गुरुवारी जागा मोकळी करून देतो.’ म्हणून बांधकामात लीन विचार रुजविताना ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल या अमेरिकी अभ्यासकांना यंत्रांपेक्षा बैठकीतल्या बोलण्याकडे वळावे लागले, यात आश्चर्य नाही. त्यांनी १९९०नंतरच्या दशकात अनेक बांधकामांवर एक साधी मोजणी केली. आठवड्याच्या आरंभी जी कामे या आठवड्यात करावयाची म्हणून लिहून ठेवली होती, त्यांपैकी आठवडाअखेर किती पुरी झाली? उत्तर निघाले, सुमारे ५४ टक्के. ज्यांनी योजना आखली तेच काम करीत होते, मुदत अवघ्या सहा दिवसांची होती, आणि तरीही जवळजवळ निम्मी वाक्ये खोटी ठरत होती.

बॅलार्ड यांनी सिद्ध केलेल्या नियोजनपद्धतीला ‘लास्ट प्लॅनर’, म्हणजे अंतिम नियोजक, असे नाव आहे. ज्याच्या योजनेतून पुढे दुसरी योजना निघत नाही, थेट कामच निघते, तो अंतिम नियोजक. आपल्याकडे तो बहुधा मुकादम असतो. या पद्धतीचा गाभा चार इंग्रजी क्रियारूपांत सांगितला जातो, आणि ती रूपे मराठीत आणली की त्यांचे व्याकरण अधिकच स्पष्ट होते : करावे, करता येईल, करीन, केले. मुख्य कचेरीतील वेळापत्रक हे सगळेच्या सगळे विध्यर्थात असते. ‘१५ तारखेस स्लॅब भरावा’. ते कर्तव्य सांगते, शक्यता सांगत नाही. विध्यर्थातून थेट भूतकाळाची अपेक्षा करणे, म्हणजे ‘भरावा’ म्हटले की ‘भरला’ हे ऐकायला मिळेल असे मानणे, हीच जुन्या व्यवस्थापनाची चूक होती. मधल्या दोन पायऱ्या गाळता येत नाहीत. प्रथम काम शक्य करावे लागते आणि नंतर ते कोणीतरी प्रथमपुरुषी एकवचनात अंगावर घ्यावे लागते.

मराठी व्याकरणांत क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे चार अर्थ मानण्याची प्रथा आहे. त्यांपैकी चौथा बांधकामावर फार ऐकू येतो. सोमवारच्या बैठकीत कोणत्याही मुकादमाला गेल्या आठवड्याचे विचारावे. ‘सळया वेळेवर आल्या असत्या तर स्लॅब झाला असता’, हे उत्तर ठरलेले. याचा अर्थ असा की गेल्या सोमवारी ‘स्लॅब भरू’ हे जे साधे भविष्यकाळी वाक्य उच्चारले गेले त्याच्या पोटात एक संकेत लपलेला होता, आणि तो कोणी बाहेर काढला नाही. कॉस्केला यांनी प्रत्येक कामाच्या सात पूर्वअटी सांगितल्या आहेत : नकाशा, माल, माणसे, हत्यारे, जागा, आधीचे पूर्ण झालेले काम आणि हवापाण्यासारखी बाह्य परिस्थिती. अंतिम नियोजकाच्या पद्धतीत पुढच्या सुमारे सहा आठवड्यांतील प्रत्येक काम या अटींवर घासून पाहतात. जेथे अट पुरी झालेली नाही तेथे ती पुरी करण्याची जबाबदारी कोणाच्या तरी नावाने लिहितात. आणि सर्व अटी सुटलेले कामच आठवड्याच्या यादीत घेतात. काम नेमक्या शब्दांत सांगितलेले असावे, टोळीच्या ताकदीएवढे असावे, योग्य क्रमाने असावे. आणि ते झाले नाही तर कारण लिहावे. पुऱ्या झालेल्या वचनांची टक्केवारी दर आठवड्याला भिंतीवर लागते. यादीत निम्मे काम ‘जवळजवळ झाले’ अशी नोंद नसते. झाले किंवा नाही झाले, एवढेच.

या पद्धतीला तात्त्विक बैठक कोठून मिळाली, हा भाग साहित्याच्या अभ्यासकांना विशेष रोचक वाटेल. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, ग्रंथरूपाने आली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर उच्चारानेच कृती घडवितात. वचन देणे ही त्यांपैकी प्रमुख कृती, हा त्यांचा सिद्धान्त काव्यशास्त्राच्या चर्चेत आता परिचित आहे. जॉन सर्ल यांनी तो पुढे नेला. तो व्यवस्थापनात आणला मात्र एका माजी मंत्र्याने. फर्नांडो फ्लोरेस हे चिलीत आयेंदे यांच्या सरकारात अर्थमंत्री होते. १९७३च्या लष्करी उठावानंतर त्यांनी तीन वर्षे तुरुंगात काढली, आणि सुटकेनंतर अमेरिकेत बर्कली येथे प्रबंध लिहून, संस्था म्हणजे परस्परांना केलेल्या विनंत्यांचे आणि दिलेल्या वचनांचे जाळे असते, हा विचार मांडला. हॅल मॅकोम्बर आणि ग्रेग हॉवेल यांनी २००३ साली लीन बांधकामाच्या वार्षिक परिषदेत हाच विचार बांधकामाला लावून दाखविला. विनंती, वाटाघाट, वचन, पूर्ततेची घोषणा आणि ती पूर्तता मान्य झाल्याचा निर्वाळा, असा एक फेरा पुरा झाला तरच काम पुरे झाले. आपल्या परंपरेत मीमांसकांनी विधिवाक्याचा, म्हणजे ‘कर’ असे सांगणाऱ्या वाक्याचा, सूक्ष्म विचार केला आहे. परंतु तो विचार आज्ञा ऐकणाऱ्यावर शब्दाचा काय परिणाम होतो याचा आहे. ‘करीन’ असे म्हणणाऱ्याच्या बाजूने पाहणे हे या आधुनिक विचाराचे वेगळेपण होय.

आता पाठाकडे वळू. इमारतीचे जे नकाशे पूर्वी होत त्यांत रेषा असत. भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. त्या भिंतीच्या आहेत हे रेषांना ठाऊक नसे, वाचणाऱ्याला ठाऊक असे. एका नकाशात खिडकी सरकविली तर उरलेल्या चार नकाशांत ती कोणीतरी आठवणीने सरकवावी लागे. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली असा प्रस्ताव मांडला की, संगणकात रेषांऐवजी घटकच साठवावेत. भिंतीला आपली जाडी, उंची आणि साहित्य ठाऊक असावे, खिडकीला आपण कोणत्या भिंतीत आहोत हे ठाऊक असावे, आणि सर्व नकाशे या एकाच वर्णनातून काढले जावेत. म्हणजे एकदा बदल केला की तो सर्वत्र उतरेल. त्या काळच्या संगणकांना ते झेपण्यासारखे नव्हते. इंग्रजीतील आजच्या नावाचा वापर १९९२ साली व्हॅन नेडरव्हेन आणि टोलमन यांच्या निबंधात आढळतो. आणि प्रत्यक्ष कचेऱ्यांतून प्रतिमान रुजले ते २००० नंतरच्या दशकात.

पाठचिकित्सेचा ज्यांना परिचय आहे त्यांना प्रतिमानाचे कार्य चटकन समजेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे तुलनेसाठी उत्तम उदाहरण आहे. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील आणि लिप्यांतील पोथ्या शेजारी ठेवून प्रत्येक पाठभेद तक्त्यांवर नोंदविला गेला. इमारतीच्या बाबतीत संरचनेचा, डक्टांचा, नळांचा आणि तारांचा असे चार-पाच नकाशासंच म्हणजे एकाच ग्रंथाच्या चार-पाच पोथ्या. प्रत्येकीचा लेखक वेगळा, प्रत्येकीत आपापले प्रमाद. प्रतिमानात या पोथ्या एकावर एक ठेवल्या जातात आणि जेथे दोन वस्तू एकाच जागेत शिरतात ती प्रत्येक जागा संगणक दाखवितो. यास इंग्रजीत ‘क्लॅश’ म्हणतात. आपण त्यास पाठभेद म्हणावयास हरकत नाही. साम्य येथे संपते. पोथ्यांच्या संपादकास मूळ लेखक भेटत नाही आणि तो अनुमानाने पाठ निश्चित करतो. येथे पाचही लेखक जिवंत असतात, त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात, आणि डक्ट वर घ्यायचा की नळ खाली घ्यायचा हे ठरविणे म्हणजे कोणाचा खर्च वाढवायचा हे ठरविणे असते. संगणक पाठभेद दाखवितो, निकाल देत नाही.

या ठिकाणी दोन्ही पद्धतींना परस्परांची गरज पडते. वचनाची पद्धती प्रतिमानाशिवाय चालविली तर मुकादम ज्या नकाशाच्या भरवशावर ‘करतो’ म्हणतो तो नकाशाच चुकलेला असू शकतो; वचन प्रामाणिक असते आणि तरी खोटे ठरते. उलट प्रतिमान नुसतेच विकत घेतले, तर जुन्या गैरसमजांना नवे रंगीत चित्र मिळते. इतकेच नव्हे, संगणकावर पर्याय झटपट तयार होतात म्हणून पर्यायांचा नि आवृत्त्यांचा साठा वाढत जातो. कोणती आवृत्ती शेवटची याचाच घोळ होतो. आणि अजून निर्णयच झालेला नाही अशा खोलीतील दाराच्या बिजागऱ्याही कोणी हौशी अभियंता काढून ठेवतो. ओनो यांच्या यादीतील अतिरिक्त उत्पादन आणि साठा हे दोन्ही अपव्यय मग संगणकातच होऊ लागतात. राफाएल सॅक्स, लाउरी कॉस्केला, भार्गव दवे आणि रॉबर्ट ओवेन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात लीनची तत्त्वे आणि प्रतिमानाची कार्ये आडव्या-उभ्या तक्त्यात मांडून त्यांच्यामधले ५६ परस्परसंबंध नोंदविले. त्यांपैकी चार वगळता बाकी सर्व परस्परपोषक आहेत असा त्यांचा निष्कर्ष होता. संख्या बोलकी आहे; तरी त्या चारांकडे दुर्लक्ष करू नये.

मेळ साधल्यास काय घडते याचा एक चांगला दाखला कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील कमिनो वैद्यकीय केंद्राचा आहे. अडीच लाख चौरस फुटांच्या या बांधकामाचा वृत्तान्त अतुल खानझोडे, मार्टिन फिशर आणि डीन रीड यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. (पहिले आडनाव मराठी वाचकास परके वाटणार नाही.) डक्ट, नळ, वीज आणि अग्निशमन या कामांच्या उपकंत्राटदारांनी एकत्र बसून प्रतिमानात सर्व पाठभेद आधीच सोडविले, परिणामी प्रत्यक्ष जागेवर या यंत्रणांची एकदाही टक्कर झाली नाही. नळांचे सर्व भाग बाहेर कर्मशाळेत तयार होऊन आले. डक्टवाल्यांचे पुन्हा करावे लागलेले काम ०.२ टक्क्यांहूनही कमी भरले, आणि या यंत्रणा बसविण्याच्या साऱ्या काळात इजा होण्याची एकच घटना नोंदली गेली. शेवटची बाब आकड्यांच्या गर्दीत हरवू नये. जागेवर ऐनवेळी शिडीवर चढून पत्रा कापावा लागत नाही, म्हणजे माणूस पडत नाही.

याहून मोठी कसोटी कॅस्ट्रो व्हॅली येथील सटर रुग्णालयाच्या वेळी लागली, आणि तिची पार्श्वभूमी भूकंपाची आहे. १९७१ साली लॉस एंजेलिसच्या उत्तरेस झालेल्या भूकंपात नुकतेच उघडलेले ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय मोडले. त्यानंतर १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाने रुग्णालयांसाठी भूकंपसुरक्षेचा कायदा केला. १९९४च्या जानेवारीत नॉर्थरिज येथे पुन्हा धक्का बसला, आणि त्याच वर्षी झालेल्या नव्या कायद्याने जुन्या धोकादायक रुग्णालयांना मुदत घालून दिली. सटर या संस्थेचे कॅस्ट्रो व्हॅली येथील जुने रुग्णालय या कायद्याच्या कक्षेत येत होते. १३० खाटांचे नवे रुग्णालय १ जानेवारी २०१३ पूर्वी उघडणे भाग होते, आणि खर्चाची मर्यादा ३२ कोटी डॉलर होती. नेहमीच्या क्रमाने, म्हणजे आधी संकल्पन, मग शासकीय तपासणी, मग निविदा, मग बांधकाम असे गेल्यास ते शक्य नव्हते.

सटरने २००४ पासूनच आपल्या बांधकामांत लीन विचार आणला होता. प्रकल्प म्हणजे वचनांचे जाळे, ही फ्लोरेस यांच्या विचारातून आलेली कल्पना त्यांच्या पाच सूत्रांपैकी एक होती. त्यांच्यासाठी विल्यम लिक्टिग या वकिलाने कराराचा एक नवाच नमुना लिहिला होता. कॅस्ट्रो व्हॅलीच्या करारावर अकरा पक्षांनी सह्या केल्या : मालक, वास्तुविशारद, मुख्य बांधकाम कंपनी, संरचनेचे, वातानुकूलनाचे आणि विजेचे अभियंते, नळ-वीज-डक्ट-अग्निशमनाचे उपकंत्राटदार आणि कार्यप्रक्रियेची व प्रतिमानाची व्यवस्था पाहणारी एक कंपनी. प्रत्येकाचा मालकाशी स्वतंत्र करार नव्हता. अकराजणांचा मिळून एकच होता. खर्च मर्यादेच्या आत राहिला तर लाभ वाटून घ्यावयाचा, वाढला तर सर्वांचा नफा पणाला. या एका कलमाने पाठभेदाचे स्वरूप पालटते. डक्ट वर घ्यावा की नळ खाली, या वादात आता दोघांचाही खिसा एकच असतो. म्हणून इमारतीला काय स्वस्त पडेल असा प्रश्न विचारणे प्रथमच शक्य होते. संकल्पनाच्या काळात हे सर्व पक्ष ठराविक अंतराने एका मोठ्या खोलीत जमत, भिंतीवर प्रक्षेपित केलेल्या प्रतिमानासमोर बसून टक्करी सोडवीत, आणि संकल्पनाची कामेसुद्धा आठवड्याच्या वचनांत मोडून त्यांची टक्केवारी ठेवीत. राज्याच्या तपासणी खात्यालाही पूर्ण झालेला नकाशासंच एकदम न देता टप्प्याटप्प्याने दाखविला गेला. रुग्णालय डिसेंबर २०१२ मध्ये उघडले.

येथे एक इशारा दिला पाहिजे. कॅस्ट्रो व्हॅलीच्या यशाचे श्रेय संगणकाला देण्याचा मोह अनेक लेखकांना आवरत नाही. प्रतिमानाशिवाय ते काम झाले नसते हे खरे; पण प्रतिमान त्या काळी पुष्कळांजवळ होते, अकरा सह्यांचा करार मात्र फार थोड्यांजवळ होता.

भारतात या दोन्ही पद्धतींना आता काही इतिहास आहे. लीन बांधकामाची सव्विसावी वार्षिक आंतरराष्ट्रीय परिषद २०१८ साली चेन्नईत भरली. नागपूर मेट्रोच्या बांधकामात काळ आणि खर्च हे दोन्ही परिमाण जोडलेले पाच मितींचे प्रतिमान आरंभापासून वापरण्यात आले. तिचा पहिला भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्णत्वास गेला. मोठ्या कंपन्यांच्या निविदांत प्रतिमानाची मागणी आता नवलाची राहिलेली नाही. मात्र निविदा बहुधा सर्वांत कमी दराच्या बोलीलाच जाते, आणि ज्याने दर पाडून काम मिळविले त्याचा नफा पुढील वादांतूनच निघायचा असतो. अशा ठिकाणी पाठभेद आधी उघड करणे हे त्याच्या हिताविरुद्ध जाते. नकाशातली टक्कर त्याला दिसली तरी तो गप्प बसतो, कारण त्या टकरीचे जादा बिल होणार असते.

परंतु भारतीय बांधकामातील खरी गाठ भाषेची आहे. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही मोठ्या बांधकामावर प्रतिमानाची आणि आठवड्याच्या यादीची भाषा इंग्रजी असते, अभियंता आणि मुकादम यांच्यातील बोलणे मराठीत किंवा मोडक्या हिंदीत चालते, आणि टोळीच्या आतले बोलणे भोजपुरी, बंगाली, ओडिया किंवा तेलुगूत. प्रतिमान काँक्रीट घनमीटरमध्ये दाखविते. वाळू आणि खडी मात्र आजही ब्रासने येते. ‘ब्रास’ म्हणजे शंभर घनफूट, ही मोजणी परंपरेने टिकून आहे. परिमाणांचे रूपांतर यंत्र करील. वचनाचे रूपांतर तितके सोपे नाही. अभियंत्याने ‘शुक्रवारपर्यंत होईल का?’ असे विचारले की बांधकामावर जे उत्तर मिळते ते असे : ‘होऊन जाईल, साहेब.’ हिंदीत ‘हो जाएगा’. व्याकरणदृष्ट्या या वाक्यात कर्ता नाही. काम आपले आपण होणार आहे. बोलणारा त्याचा साक्षीदार फक्त आहे. इंग्रजी यादीत हेच वाक्य त्याच्या नावापुढे वचन म्हणून उतरविले जाते, आणि शनिवारी त्याच्या नावे एक अपयश जमा होते.

‘होऊन जाईल’ ही आळसाची किंवा लबाडीची भाषा आहे असे कित्येक व्यवस्थापकांना वाटते. ते समजून घेण्यात कमी पडतात. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला वचनाचे बळ कसे येणार? मॅकोम्बर आणि हॉवेल यांच्या फेऱ्यात विनंती आणि वचन यांच्या मधोमध वाटाघाट आहे, आणि वाटाघाटीत नकार अंतर्भूत आहे. पण आपला मुकादम ज्या साखळीत उभा असतो तिच्यात नकाराला जागा नसते. त्याने टोळीला गावी उचल देऊन आणलेले असते. वरच्या ठेकेदाराकडे त्याचे बिल अडकलेले असते. साहेबाला ‘सळया नाहीत, जमणार नाही’ असे तोंडावर सांगणे म्हणजे पुढचे काम घालवणे. कर्तृहीन क्रियापद हा त्याचा एकमेव आडोसा आहे. सहयोगी करार वरच्या अकरा पक्षांमध्ये झाला आणि तो आडोसा तसाच राहिला, तर वचनांचे जाळे वरून विणले जाईल आणि खालच्या ओळीत त्याचे टाके सुटलेले राहतील. कॅलिफोर्नियातील कामगारामागे संघटना आणि ठरलेला वेतनदर होता. हा फरक त्या पद्धतीच्या भारतीय पुरस्कर्त्यांच्या लेखनात क्वचितच नोंदला जातो.

यातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात, आणि त्या लहान आहेत. आठवड्याची बैठक संगणकासमोर, पण ज्या भाषेत टोळी बोलते त्या भाषेत व्हावी. प्रतिमान कचेरीच्या वातानुकूलित खोलीतून जागेवर आणावे. निरक्षर गवंडीही ते फिरवून पाहू शकतो, कारण त्रिमित आकृती वाचायला अक्षर लागत नाही, आणि छापील नकाशापुढे गप्प बसणारा माणूस तिच्यापुढे ‘येथे माझा हात जाणार नाही’ असे बोट दाखवून सांगतो. हे वाक्य महत्त्वाचे आहे. त्यात नकार आहे, आणि तो साहेबाला दिलेला नसून आकृतीतल्या जागेला दिलेला आहे. म्हणून तो उच्चारता येतो. लीन आणि प्रतिमान यांचा भारतीय परिस्थितीतील सर्वांत उपयुक्त सांधा कदाचित येथेच असेल.

राहिला यादीतील शेवटचा रकाना, काम न झाल्याच्या कारणाचा. बॅलार्ड यांच्या पद्धतीत तो शिक्षेसाठी नसून शिकण्यासाठी असतो. आपल्याकडील याद्यांत या रकान्यात बरेचदा एकच शब्द आढळतो : ‘लेबर’. हा शब्द मुकादमाचा नसतो. त्याला विचारले असता तो जे सांगतो, की पाळणा दोन दिवस बंद होता, पाणी तिसऱ्या मजल्यावर चढले नाही, सणाला गेलेली माणसे परतली पण त्यांची राहण्याची खोली दुसऱ्या टोळीला दिली गेली होती, ते त्या रकान्यात मावत नाही, आणि ज्या भाषेत ते सांगितले जाते त्या भाषेत ते लिहून घेणारा कोणी त्या बैठकीत बसलेला नसतो.